विमानतळावरील जमिनीवरच्या कामांसाठी ‘सुरक्षित’ डिजिटल रेडिओ सेवा : वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. तेव्हापासून पनवेल, उलवे आणि उरण या पट्ट्यातील कंत्राटी संस्थांना, मग त्या सामान हाताळणाऱ्या असोत, साफसफाईच्या असोत की वाहतुकीच्या, ‘सुरक्षित डिजिटल रेडिओ’ या नावाने बरीच माहितीपत्रके येऊ लागली आहेत. विमानतळावर काम मिळवू पाहणाऱ्या अशाच एका संस्थेसाठी मी तांत्रिक सल्लागार म्हणून काम करतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका पुरवठादाराने या संस्थेला टेट्रा पद्धतीची (अनेक संस्थांना एकत्र वापरता येणारी डिजिटल रेडिओ पद्धत) यंत्रणा प्रात्यक्षिकासाठी भाड्याने दिली होती आणि शेजारी तुलनेसाठी डीएमआर या तुलनेने स्वस्त डिजिटल पद्धतीचे काही सेटही दिले होते. आम्ही ही दोन्ही साधने विमानतळाबाहेर, द्रोणागिरीकडील गोदामांत, कंटेनर यार्डात आणि उलव्याच्या मोकळ्या रस्त्यांवर वापरून पाहिली. विमानतळाची स्वतःची अंतर्गत यंत्रणा हा या अभिप्रायाचा विषय नाही. पुरवठादाराचे नाव मी देत नाही, कारण पुढे नोंदवलेल्या बहुतेक उणिवा या एकट्याच्या नसून या व्यवसायात सर्रास आढळणाऱ्या आहेत.

विक्रीच्या गप्पांत नेहमी होणारा एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्यातील संभाषण आजही साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीने आणि पूर्णपणे उघड्यावर चालते, आणि ते तसेच चालणे योग्य आहे. कोणत्याही देशाचे, कोणत्याही कंपनीचे विमान संकटात असेल तर त्याचा आवाज आसपासच्या सर्वांना ऐकू आला पाहिजे. शिवाय एएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर कर्कश शिट्टी ऐकू येते आणि निदान कोणीतरी कोणाच्या बोलण्यावर बोलले एवढे तरी कळते. एफएममध्ये बलवान संदेश दुबळ्याला गिळून टाकतो आणि काही हरवले याचा पत्ताही लागत नाही. अर्थात शिट्टी ऐकू आली म्हणजे अनर्थ टळतोच असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील विमानतळावर मनोऱ्याचा आणि पॅन ॲमच्या वैमानिकांचा संदेश एकमेकांवर आदळला, दुसऱ्या, केएलएमच्या विमानातील वैमानिकांना नेमक्या त्या क्षणी शिट्टीच ऐकू आली, आणि दोन जंबो जेट विमानांच्या त्या टकरीत ५८३ माणसे गेली. तरीही ‘आमची यंत्रणा घेतली की विमानाशी होणारे बोलणेही गुप्त होईल’ असे कोणी विक्रेता सांगत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आपण ज्या सुधारणेविषयी बोलत आहोत ती जमिनीवरच्या माणसांची आहे : रॅम्पवरचे (विमाने उभी राहतात त्या जागेवरचे) लोडर, विमाने ढकलणारे टग चालवणारे, सामानाच्या पट्ट्यावरचे कर्मचारी, अग्निशमन दल, सुरक्षा कर्मचारी आणि या सर्वांना कामाला लावणारी कंट्रोल रूम.

या माणसांच्या हातातील जुने ॲनालॉग वॉकीटॉकी बदलायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांवरचे बोलणे चोरून ऐकता येते हे सर्वांना ठाऊक असते; पण त्यात घुसून बोलताही येते, याचा विचार फार थोडे लोक करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये वायव्य पोलंडमधील श्टेचिन शहराच्या परिसरात कोणीतरी रेल्वेच्या उघड्या रेडिओ चॅनेलवर ‘गाडी थांबवा’ या अर्थाचे ठरलेले ध्वनिसंकेत पाठवले आणि वीसहून अधिक गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यासाठी कोणतीही संगणकप्रणाली फोडावी लागली नाही, कारण त्या चॅनेलवर बोलणारा माणूस खरा कोण हे विचारण्याची सोयच नव्हती. जे रेल्वेच्या रुळांवर घडले ते विमान मागे ढकलणाऱ्या टगच्या बाबतीत घडू शकत नाही असे मानण्याला काहीही आधार नाही.

टेट्रा हे युरोपीय दूरसंचार मानक संस्थेचे, म्हणजे ईटीएसआयचे मानक आहे आणि ते १९९५ पासून अस्तित्वात आहे. त्यात २५ किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीवर वेळेचे चार कप्पे पाडलेले असतात. पहिल्या वाहकावरचा एक कप्पा नियंत्रणासाठी राखलेला असतो आणि उरलेल्या तीन कप्प्यांतून तीन वेगवेगळी संभाषणे एकाच वेळी चालू शकतात. कोणाला कोणता कप्पा द्यायचा हे माणूस ठरवत नाही, यंत्रणा ठरवते, आणि यालाच ट्रंकिंग म्हणतात. प्रत्यक्ष कामात याचा लाभ पहिल्या शिफ्टपासून जाणवला. सामानवाल्यांचा टॉकग्रुप (आपसांत बोलणाऱ्यांचा गट) वेगळा, वाहनांचा वेगळा आणि सुपरवायझरांचा वेगळा असल्यामुळे एकाच्या बोलण्यात दुसऱ्याची लुडबुड थांबली. आपल्या टॉकग्रुपवर आधीच कोणी बोलत असेल तर बटण दाबणाऱ्याला नकाराचा आवाज येतो आणि त्याला थांबावे लागते, त्यामुळे एकावर एक बोलून दोन्ही निरोप वाया जाण्याचा जुना प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. वर्षाला दोन कोटी प्रवाशांच्या क्षमतेपासून सुरुवात करणाऱ्या विमानतळावर किती संस्था एकाच वेळी बोलत असतील याची कल्पना केली, तर प्रत्येकाने आपापला स्वतंत्र चॅनेल मागण्याची जुनी रीत तेथे चालणारच नाही हे उघड आहे.

हातातील सेटविषयी. बटण दाबल्यापासून बोलणे सुरू होईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, आणि तो वेळ खरोखरच कमी आहे. पण ॲनालॉगची सवय असलेला माणूस बटण दाबता दाबताच बोलतो. त्यामुळे सुरुवातीला ‘थांबा’मधला नुसता ‘बा’ समोरच्यापर्यंत पोहोचत होता. होकाराचा छोटा सूर ऐकल्यावरच बोलायचे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि पुरवठादाराने दिलेल्या तासाभराच्या इंग्रजी प्रशिक्षणात नेमकी हीच गोष्ट घाईघाईत उरकली गेली. ज्यांच्या हातात सेट जाणार आहेत ती माणसे गव्हाण, वहाळ, उरणची आहेत. त्यांना मराठीत आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकवले पाहिजे, एवढी साधी गोष्ट करारात लिहून घ्यावी लागते हे खेदजनक आहे.

आवाजाच्या दर्जाबद्दल मते दुभंगली. शांत जागी आवाज स्वच्छ आहे, सरसर अजिबात नाही. परंतु माणसाचा आवाज सेकंदाला पाच हजार बिटांहूनही कमी माहितीत कोंबताना त्याचा पोत जातो. आमच्या चमूतील एका ज्येष्ठ लोडरदादांनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘साहेब, शब्द कळतात, पण बोलतोय कोण ते कळत नाही.’ सेटच्या पडद्यावर बोलणाऱ्याचा क्रमांक दिसतो हे त्यावरचे उत्तर खरे, पण दोन्ही हात सामानात गुंतलेले असताना पडदा पाहणार कोण? जनरेटर आणि शीत कंटेनरांच्या घरघरीत आवाज आणखी बिघडतो, कारण बोलणे दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर मानवी आवाजासाठी घडवलेले असते आणि यंत्राच्या गोंगाटाला तेही आवाजच समजू लागते. ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये डिजिटल रेडिओ आणि आगीच्या जागचा गोंगाट याविषयी खास अहवाल काढला होता. खांद्यावर लावायचा, गोंगाट गाळणारा वेगळा मायक्रोफोन जोडल्यावर आमच्याकडे फरक ठळकपणे पडला. तो मूळ दरात समाविष्ट नव्हता. विमानाच्या इंजिनाजवळ काम करणाऱ्यांसाठी तो ऐच्छिक भाग नसून सेटचाच भाग समजून दर मागावा.

सेटवरचे नारिंगी आपत्कालीन बटण हा मात्र या साऱ्या सेवेतील निर्विवाद चांगला भाग आहे. ते दाबले की चालू असलेले कमी महत्त्वाचे संभाषण बाजूला सारून त्या माणसाला वाट मिळते, कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्याचा क्रमांक लाल होतो आणि हात न लावता काही काळ त्याच्या भोवतालचा आवाज ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार अग्निशमन वाहनाने धावपट्टीच्या कोणत्याही ठिकाणी तीन मिनिटांच्या आत पोहोचणे अपेक्षित असते, आणि नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. ‘चॅनेल रिकामा होऊ द्या’ म्हणत थांबायला या हिशेबात जागाच नाही.

व्याप्तीबाबत पुरवठादाराच्या नकाशावर विश्वास ठेवू नये. टेट्राचा हातातला सेट साधारणपणे एक वॅट शक्तीचा असतो, तर डीएमआरचा सेट चार वॅटपर्यंत जातो, त्यामुळे टेट्रासाठी बेस स्टेशनची (सेटना एकमेकांशी जोडणाऱ्या केंद्रांची) संख्या जास्त लागते. पत्र्याच्या गोदामात आणि रचलेल्या कंटेनरांच्या गल्ल्यांत टेट्रा अनेकदा तुटली. ॲनालॉग सेट दूर जाता जाता हळूहळू खरखरू लागतो आणि माणूस सावध होतो. डिजिटल सेट शेवटपर्यंत छान बोलतो आणि पुढच्या पावलावर एकदम गप्प होतो. पारसिकच्या डोंगराआड महापेचे बेस स्टेशन कसे दिसेल, हा प्रश्न नकाशावर सुटत नाही, सेट हातात घेऊन चालावे लागते. आमची चाचणी कोरड्या दिवसांतली होती. आपल्याकडच्या पावसात, ओल्या भिंती आणि भिजलेल्या अँटेना-जोडण्यांसह ती पुन्हा करावी असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

आता या सेवेच्या नावातल्या पहिल्या शब्दाकडे, म्हणजे ‘सुरक्षित’कडे येतो, माझे बहुतेक आक्षेप येथेच आहेत.

माहितीपत्रकात ‘टेट्रा असल्यामुळे संभाषण सुरक्षित’ असे ठळक छापलेले होते. हे वाक्य चुकीचे आहे. टेट्रा मानकात सुरक्षेचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात हवेतल्या संदेशावर एन्क्रिप्शन, म्हणजे कूटबद्धीकरण, अजिबात नसते, दुसऱ्यात सर्व सेटमध्ये आधीच भरलेली स्थिर ‘की’ (संदेश कूटबद्ध करणारी डिजिटल किल्ली) वापरली जाते, आणि तिसऱ्यात प्रत्येक सेटची ओळख पटवून त्या वेळेपुरती स्वतंत्र की तयार होते. प्रात्यक्षिकासाठी आमच्या हातात आलेली यंत्रणा सुरुवातीला पहिल्या वर्गात चालू होती. म्हणजे आवाज डिजिटल होता एवढेच. संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर आणि इंटरनेटवर मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्या भांडवलावर अशा यंत्रणेतील बोलणे कोणालाही ऐकता येते. विचारल्यावर ‘एन्क्रिप्शनचा परवाना वेगळा घ्यावा लागतो’ असे उत्तर मिळाले. दाराला महागडे कुलूप बसवून किल्लीचे पैसे निराळे मागण्याचा हा प्रकार आहे, आणि ग्राहकाने स्वतःहून विचारले नसते तर दार उघडेच राहिले असते.

परवाना घेतला तरी प्रश्न संपत नाही, कारण एन्क्रिप्शन कोणते हे त्याहून महत्त्वाचे आहे. टेट्रामध्ये मूळचे टीईए १ ते टीईए ४ असे चार प्रकार आहेत. त्यांतील टीईए २ युरोपातील सार्वजनिक सुरक्षा यंत्रणांसाठी राखलेला, आणि टीईए १ व्यावसायिक वापरासाठी, निर्यातीला सोपा असा. जुलै २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या नेदरलँड्समधील संस्थेच्या संशोधकांनी टेट्रामधील पाच त्रुटी जाहीर केल्या. त्यांतील एकीनुसार टीईए १ ची ८० बिटांची की आतल्या आत ३२ बिटांवर आणली जाते आणि साध्या संगणकावर ती अल्पावधीत शोधून काढता येते. ईटीएसआयने याला ‘मागचे दार’, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, म्हणण्यास नकार दिला आणि हे त्या काळच्या निर्यात नियमांमुळे झाल्याचे सांगितले. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने या वादाला फारसा अर्थ नाही, कारण दार मागचे असो वा पुढचे, आत येणारा येतोच. दशकानुदशके गुप्त ठेवलेले हे अल्गोरिदम सर्वांसाठी खुले करण्याचा निर्णय ईटीएसआयने त्यानंतर घेतला, ही या प्रकरणातली चांगली बाजू. टीईए ५, ६ आणि ७ ही नवी पिढी २०२२ मध्येच आली होती.

आमच्या पुरवठादाराच्या दरपत्रकात ‘टीईए एन्क्रिप्शन’ एवढेच लिहिले होते, आकडा नव्हता. मागून घेतल्यावर तो टीईए १ निघाला. २०२३ नंतर हा प्रकार विमानतळाच्या कामासाठी सुचवणे मला अजिबात पटत नाही. त्यावर ‘मग एंड टू एंड घ्या’ असा पर्याय आला, म्हणजे बोलणाऱ्याच्या सेटपासून ऐकणाऱ्याच्या सेटपर्यंत आणखी एक आवरण. कल्पना उत्तम आहे. पण त्याच संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवून दिले की तपासलेल्या एका एंड टू एंड पद्धतीत १२८ बिटांची म्हणून मिळणारी की प्रत्यक्षात ५६ बिटांची उरते. त्यामुळे ‘एईएस (एन्क्रिप्शनची एक सर्वमान्य पद्धत) आहे’ या उत्तरावर समाधान न मानता की प्रत्यक्षात किती बिटांची वापरली जाते, हे निर्मात्याकडून लेखी मागावे. पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीला याचे उत्तर येणार नाही. त्याला दोष देऊ नये, पण उत्तर मिळेपर्यंत सहीही करू नये.

याहून साधा प्रश्न, जो जवळजवळ कोणी विचारत नाही, तो असा : ही ‘की’ सेटमध्ये भरणार कोण आणि ती राहणार कोणाजवळ? आमच्याकडे सर्व सेटमध्ये की भरण्याचे काम पुरवठादाराचा तंत्रज्ञ आपल्या लॅपटॉपवरून करणार होता, आणि तोच लॅपटॉप त्याच्या इतर ग्राहकांकडेही फिरत होता. एखादा सेट हरवला तर तो दुरून बंद करता येतो, हे प्रात्यक्षिकात नीट दाखवले गेले आणि ती सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र हरवलेला सेट चालू आणि आवाक्यात असेल तरच बंद करण्याचा आदेश त्याला पोहोचतो. तो पिशवीत बंद पडून असेल तर बाकी सर्वांच्या की बदलणे एवढाच उपाय उरतो. ते किती वेळात होईल, रात्रीच्या शिफ्टला होईल का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, याबद्दल करारात अवाक्षर नव्हते.

बेस स्टेशनची वीज मुद्दाम तोडून पाहण्याचा आग्रह मी धरला होता, आणि या परीक्षणातील सर्वांत उपयोगी माहिती त्यातूनच मिळाली. बेस स्टेशन गेले की टेट्राचे सेट डीएमओ पद्धतीने, म्हणजे थेट एकमेकांशी बोलू शकतात. पण त्या अवस्थेत ओळख पटवणारी आणि की वाटणारी मध्यवर्ती यंत्रणाच नसते, त्यामुळे डीएमओसाठी वेगळी स्थिर की आधी भरून ठेवावी लागते. ती भरलेली नव्हती. परिणामी, नंतर एन्क्रिप्शन चालू करून कूटबद्ध दाखवलेले सेट संकटाच्या वेळी उघड्यावर बोलू लागले, आणि पडद्यावरचे कुलपाचे छोटे चिन्ह गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. ज्या घडीला गुप्तता सर्वांत जास्त हवी, नेमकी त्याच घडीला ती नाहीशी होते, आणि त्यावर उपाय केवळ अर्ध्या तासाच्या कामाचा आहे.

डीएमआरबद्दल थोडक्यात. २००५ पासूनचे हे मानकही ईटीएसआयचेच आहे. त्यात १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन कप्पे असतात, सेट स्वस्त असतो आणि व्याप्ती जास्त मिळते. एका गोदामापुरते, एका पार्किंगपुरते काम असेल तर टेट्रावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. पण येथेही तीच खबरदारी हवी : ‘बेसिक प्रायव्हसी’ नावाने मिळते ती सुरक्षा जवळपास नावापुरतीच आहे, आणि २५६ बिटांचे एईएस हवे असेल तर ते स्पष्टपणे मागावे लागते. शेकडो माणसे आणि अनेक संस्था एकाच यंत्रणेवर आणायच्या असतील तर टेट्रा किंवा डीएमआरची ट्रंकिंग असलेली तिसरी श्रेणी, या दोहोंतूनच निवड करावी.

दोन गोष्टी दरपत्रकाबाहेर तपासाव्यात. विमानात इंधन भरण्याच्या जागी साधा सेट चालत नाही. ज्वालाग्राही वाफेत ठिणगी न पाडणारा, तसे प्रमाणपत्र असलेला सेट लागतो, आणि त्याची बॅटरीही तशीच प्रमाणित असावी लागते. आमच्या संचात असा एकही सेट नव्हता. दुसरे म्हणजे परवाना. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी शक्तीचा पट्टा वगळता अशा सेटसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना लागतो. प्रात्यक्षिकाचा परवाना पुरवठादाराच्या नावाने होता आणि कागद व्यवस्थित होते, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. कायम वापरासाठी परवाना कोणाच्या नावे असेल, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे.

एकूण पाहता ट्रंकिंग, आपत्कालीन बटण आणि बॅटरी या बाबतींत सेवा उत्तम आहे. बॅटरी पूर्ण शिफ्टभर टिकली. व्याप्ती आणि गोंगाटातील आवाज मध्यम. सुरक्षा, ज्या स्वरूपात ती आम्हाला दिली गेली त्या स्वरूपात, नापास. तिसऱ्या वर्गाची सुरक्षा, टीईए १ सोडून दुसरा प्रकार, डीएमओची की आणि की भरण्याचे साधन संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात, एवढ्या चार अटी पुरवठादाराने लेखी मान्य केल्या तर मी याच यंत्रणेची शिफारस करीन. त्याने पहिली आणि तिसरी अट मान्य केली आहे, दुसरीसाठी वाढीव दर कळवला आहे, आणि चौथीबाबत ‘वरिष्ठांशी बोलून सांगतो’ असे म्हटले आहे. तोवर संस्थेने करार थांबवला असून भाड्याचे सेट परत पाठवले आहेत.